रानातली लाकडी ध्यानकुटी आखायची कशी, तेही जुलैचा पाऊस धरून

ध्यानकुटी म्हटली की लोक आधी मोबाईलवर फोटो शोधतात, चारी बाजूंनी काच, सपाट छप्पर, बाहेर डेक वगैरे. कोरड्या मुलखात ते चालत असेल. आमच्या सावंतवाडीकडे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आंबोलीत त्याच्या दुपटीच्या आसपास, तिथे असली कुटी दोन वर्षांत बुरशीचा डबा होते. म्हणून मी खाली जे सांगतोय ते कोकण आणि घाटमाथ्यासाठी आहे.

आधी कागद. वनखात्याच्या जमिनीत काहीही बांधता येत नाही, देवराईत तर विचारही नको. जागा स्वतःची असली तरी सातबारा काढून इतर हक्काचा रकाना नीट वाचा, तिथे खाजगी वनाची नोंद असेल तर तिथेच थांबा. नसेल तर ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे विचारून घ्या की शेतजमिनीत एवढंसं लाकडी बांधकाम करायला काय लागतं. झाड तोडायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

मग जागा, आणि हे काम मे महिन्यात करू नका. पावसात दोनचार वेळा इरलं किंवा छत्री घेऊन तिथे अर्धा अर्धा तास बसा. पाणी कुठून वाहत येतं, झड कुठून मारते, डास कुठे जास्त आहेत हे सगळं तेव्हाच कळतं. बुद्धाच्या काळातल्या विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीच्या, नियमांतही भिक्खूने स्वतःसाठी कुटी बांधायच्या आधी इतर भिक्खूंना जागा दाखवून घ्यायची असं आहे, म्हणजे तिथे मुंग्या, वाळवी, साप, विंचू यांचं घर नको आणि भोवती जुंपलेली बैलगाडी फिरेल एवढी मोकळी जागा हवी. वाचलं तेव्हा मला वाटलं हे कुणीतरी कोकणात राहून लिहिलंय! वारूळ दिसलं तर सरळ जागा बदला. फणसाखाली तर अजिबात नको, आठदहा किलोचा फणस कौलावर पडला की ध्यान लागायचं ते लागतं.

साईजचंही तिथेच लिहिलंय, जास्तीत जास्त 12 वीत लांब आणि 7 वीत रुंद. ती वीत सुगताची, म्हणजे बुद्धाची, तिचं नेमकं माप काय यावर वाद आहेत, पण आपली साधी 9 इंचांची धरली तर 9 फूट बाय सव्वापाच फूट होतं. मी 9 बाय 6 केली, एकटा माणूस बसतो, पाठ दुखली तर आडवा होतो, कोपऱ्यात पाण्याची कळशी राहते. याहून मोठी केलीत की लोक तिथे सामान ठेवायला लागतात, अनुभव आहे.

आता खरं डिझाईन, आणि ते उभं राहून करू नका, खाली बसून करा. आसनावर बसल्यावर डोळे जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येतात. सुताराला काही सांगितलं नाही तर तो सवयीने खिडकीची खालची पट्टी 3 फुटांवर ठेवतो आणि मग बसलेल्या माणसाला फक्त झाडांचे शेंडे दिसतात. ती पट्टी 14 इंचांवर आणा, वरची 4 फुटांवर, म्हणजे समोरची जमीन, पाचोळा, झाडांचे बुंधे दिसतात आणि आकाशाचा झगझगाट डोळ्यात येत नाही. तोंड ईशान्येला ठेवा, कारण पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि ती बाजू पूर्ण बंद हवी. दार बुटकं असलं तर उत्तमच, वाकून आत शिरायला लागतं.

पाया जांभ्याचा, जोतं दीड ते दोन फूट. आणि इथे माझी चूक ऐका, पहिल्या वेळी मी मेढी, म्हणजे लाकडी खांब, सरळ जमिनीत पुरल्या, छान घट्ट उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर मातीलगत बोट खुपसलं तर आत गेलं. मेढ मातीला लागताच कामा नये, जांभ्याच्या चिऱ्यावर लोखंडी पट्टीच्या बुटात एकदीड इंच वर उभी करा. मेढीला ऐन किंवा किंजळ घ्या, बजेट असेल तर साग, पण आंबा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, वाळवीला तो फार आवडतो. मोडलेल्या जुन्या घराचं लाकूड मिळालं तर सोनं, पूर्ण वाळलेलं असतं, फक्त पावती घ्या आणि वाहतूक पास लागतो का ते वनखात्यात विचारा. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात आमच्याकडे, ते कातडी भाजतं, हातमोजे घालूनच लावा.

छप्पर. पत्रा विसरा, जुलैच्या सरीत पत्र्याखाली स्वतःचा श्वास सोडा, शेजाऱ्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. मंगळुरी कौलं घाला, आढ्यापासून दर फुटाला 7 इंच उतार, म्हणजे 30 अंश, आणि पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू, भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी 3 फूट. एवढी बाहेर काढली की कड 21 इंच खाली येते, म्हणून मेढी साडेसात फुटांच्या ठेवा नाहीतर डोकं आपटेल. हिशोब केला तर साधारण 300 कौलं लागतात आणि वजन पाऊण टनाच्या आसपास जातं, वासे त्या हिशोबाने घ्या. वानरं कौलं फोडतात, त्याला उपाय सापडलेला नाही, वीसेक कौलं जास्तीची आणून ठेवा.

भिंती मात्र हलक्या. बंद बाजूला कारवीच्या काठ्यांचा कूड आणि आतून शेणमातीचा गिलावा, थंडावा राहतो आणि आवाजही घुमत नाही. आतल्या पट्ट्यांना माणगा बांबू वापरलात तर तो पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला हवा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला, पण हे मीठ पावसाने धुऊन जातं म्हणून बाहेरच्या बाजूला त्याचा उपयोग नाही. खिडक्यांना जाळी. दाराखाली फट ठेवू नका, फुरसं आणि मण्यार हे दोन्ही विषारी साप आमच्याकडे आहेत, आणि भोवतीचा पाचोळा दहा फुटांपर्यंत झाडत रहा कारण दोडामार्गच्या बाजूला माकडतापाच्या गोचिडीची भीती असते.

वीज मी घेतली नाही, दिवा भिंतीतल्या कोनाड्यात.

सगळं झालं की पहिल्या मोठ्या पावसात खडू घेऊन आत बसा आणि झड जिथपर्यंत पोचते तिथे जमिनीवर रेघ मारा. माझी रेघ आसनाच्या चार बोटं आत आली होती. भिंत तोडायची गरज पडली नाही, त्या बाजूच्या पाखीखाली नारळाच्या विणलेल्या झापा बांधल्या, दर मे महिन्यात नव्या बांधायच्या आणि ऑक्टोबरात सोडायच्या.