पूरग्रस्त भागातील घरासाठी आपत्कालीन पिशवी

पंचगंगा, कृष्णा किंवा वाशिष्ठीच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आपत्कालीन पिशवी भरून ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली परिसरात पुराचे पाणी अनेक दिवस ओसरले नाही, तर २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये ते इतक्या वेगाने चढले की अनेकांना सामान वर हलवायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून तयारी दोन भागांत करणे मला योग्य वाटते: घर सोडताना पाठीवर घ्यायची एक पिशवी आणि वरच्या मजल्यावर अडकून पडल्यास पुरेल असा वेगळा साठा.

पाठीवरच्या पिशवीत पहिला मान कागदपत्रांचा. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, सातबारा किंवा घराचा उतारा, विम्याची पॉलिसी आणि मुलांचे दाखले जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे. त्यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये ठेवावीत आणि दुसऱ्या गावातील नातेवाइकालाही पाठवावीत, कारण पंचनामा आणि नुकसानभरपाईच्या वेळी हेच कागद मागितले जातात. एटीएम बंद पडू शकत असल्याने थोडी रोख रक्कम सुट्या नोटांत असावी.

त्यानंतर औषधे. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची नेहमीची औषधे किमान आठवडाभर पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह ठेवावीत आणि त्यांची मुदत तपासून वापरातील साठ्याशी अदलाबदल करत राहावे. घरात इन्सुलिन लागत असेल, तर वीज गेल्यावर ते थंड कसे ठेवायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. ऐनवेळी सुचणारी ही गोष्ट नव्हे. ओआरएसची पाकिटे, जंतुनाशक मलम, मलमपट्टीचे साहित्य, सॅनिटरी पॅड आणि तान्ह्या बाळासाठी लंगोट यांनाही जागा द्यावी. टॉर्च, जादा सेल, भरलेली पॉवर बँक, शिट्टी आणि महत्त्वाचे क्रमांक लिहिलेला कागद बाहेरच्या कप्प्यात असावा. त्या कागदावर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक ठळक अक्षरांत लिहावेत.

वरच्या मजल्यावरील साठ्यात पाणी सर्वांत महत्त्वाचे, कारण पुरात चहूकडे पाणी असूनही पिण्याजोगे पाणी मिळत नाही. माणशी रोज किमान ३ ते ४ लिटर धरून तीन दिवसांचे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरावे आणि शुद्धीकरणासाठी क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. चूल पेटवावी न लागणारे भडंग, फुटाणे, गूळ, शेंगदाण्याचे लाडू आणि बिस्किटे हवाबंद डब्यांत ठेवावीत. जाड दोरी व ताडपत्रीही तिथेच असावी.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी त्या अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच पिशवी दाराजवळ आणावी, मोबाईल व पॉवर बँक पूर्ण चार्ज करावी आणि जनावरे आधीच उंच जागी हलवावीत. तेवढा अवधी नसेल, तर गोठ्यातील दावी तरी मोकळी करावीत. घराबाहेर पडताना विजेचा मुख्य स्विच व गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. मात्र स्विचपर्यंत पाणी पोहोचले असेल किंवा जमीन ओली असेल, तर त्याला हात लावू नये.