पीएचपीत मेथड स्टॅटिक कधी करायची, कधी नाही

जुना प्रोजेक्ट पीएचपी ८ वर नेला की हमखास येणारा एरर: 'नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी कॉल्ड स्टॅटिकली'. स्टॅटिक मेथड म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावाने, बिल::जीएसटी() अशी, बोलावता येणारी मेथड; नॉन-स्टॅटिक मेथड तशी बोलावली की हा एरर येतो. पीएचपी ७ मध्ये अशा कॉलवर डेप्रिकेटेडची ('हे पुढे चालणार नाही' अशा इशाऱ्याची) नोंद लॉगमध्ये पडायची आणि काम चालू राहायचं. ८.० पासून कोड तिथेच थांबतो. मेथडच्या आधी 'स्टॅटिक' चिकटवून मोकळं होऊ नका.

१. मेथडच्या आत $धिस, म्हणजे चालू ऑब्जेक्ट, शोधा. 'बिल' क्लासमधली एकूण() ही $धिस->ओळी वाचत असेल, तर तिला ऑब्जेक्ट लागणारच. ती स्टॅटिक केलीत तर एरर फक्त कपडे बदलून येईल: 'युझिंग $धिस व्हेन नॉट इन ऑब्जेक्ट कॉन्टेक्स्ट'. दुरुस्ती कॉलमध्ये करायची:

$बिल = न्यू बिल($ओळी);
$बिल->एकूण();

२. $धिस नसेल, तर सेल्फ::, म्हणजे त्याच क्लासमधल्या मेथडला केलेला कॉल, बघा. नॉन-स्टॅटिक मेथडमधून सेल्फ::एकूण() बिनबोभाट चालतं, कारण ऑब्जेक्ट सोबत जातो. हा कॉल ज्या मेथडमध्ये आहे ती स्टॅटिक केली की तोच कॉल फुटतो.

३. दोन्ही नसतील आणि उत्तर फक्त आर्ग्युमेंटवर ठरत असेल, तर खुशाल स्टॅटिक करा. बिल::जीएसटी(१०००, १८) कुठूनही बोलावलं तरी १८० च देणार.

४. स्टॅटिक प्रॉपर्टीत माहिती साठवत असाल तर थांबा. खरा घोळ इथे होतो. एफपीएमखाली (वेब सर्व्हरवर पीएचपी चालवायची नेहमीची पद्धत) प्रत्येक रिक्वेस्टला स्टॅटिक प्रॉपर्टी नव्याने सुरू होते, त्यामुळे चूक महिनोन्महिने दिसत नाही. तोच कोड क्यू वर्करमध्ये (रांगेतली कामं एकामागून एक उरकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवला की प्रोसेस जिवंत राहते आणि बिल::$सवलत मध्ये पहिल्या ग्राहकाची सवलत तशीच उरते. दुसऱ्याचं बिल कमी येतं, एरर मात्र कुठेच नाही. अशी माहिती कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमधून) ऑब्जेक्टमध्ये घ्या.

५. ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या स्टॅटिक मेथडमध्ये 'न्यू सेल्फ' लिहिलंत, तर चाइल्ड क्लासवरून बोलावूनही पॅरेंटचाच ऑब्जेक्ट मिळतो. तिथे 'न्यू स्टॅटिक' हवं. ही सोय ५.३ पासून आहे. चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरचे आर्ग्युमेंट वेगळे असतील तर मात्र तेही फसतं.

शेवटी सगळ्या प्रोजेक्टमध्ये '::' शोधा. नॉन-स्टॅटिक मेथडमधले पॅरेंट:: चे कॉल तसेच राहू द्या, ते बरोबर असतात. काही कॉलबॅक (दुसऱ्या फंक्शनने बोलवावी म्हणून नावाने दिलेली मेथड) मात्र या शोधात सापडत नाहीत: ॲरे_मॅप ला ['बिल', 'एकूण'] दिलं असेल तर तिथे '::' नसतंच. त्या जागी [$बिल, 'एकूण'] द्या.