ब्रेड फुगत नाही? यीस्टला दोष देण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस लागतात. त्या घरीच भाजायचा उत्साह बऱ्याच जणांचा पहिल्याच विटेसारख्या ब्रेडनंतर मावळतो आणि खापर यीस्टवर फुटतं. बहुतेक वेळा यीस्ट चांगलंच असतं, गडबड तापमानाची असते.

पहिली चूक उकळत्या पाण्याची. पाणी 35 ते 40 अंश, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट लागेल एवढंच हवं. 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरतंच. शंका असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवून, गाळून त्यात यीस्ट घाला. दहा-पंधरा मिनिटांत वर फेस धरला नाही, तर ते पाकीट टाकून द्या.

उन्हाळ्यात नेमकं उलटं घडतं, आणि हे फार कुणी सांगत नाही. व्हिडिओत ‘एक तास झाकून ठेवा’ म्हणतात, ते गार स्वयंपाकघराच्या हिशेबानं. एप्रिल-मेमध्ये पारा 35 च्या पुढे गेला की पीठ अर्ध्या-पाऊण तासातच दुप्पट होतं. तुम्ही घड्याळ बघत बसलात की ते खाली बसतं आणि दारूसारखा आंबूस वास मारतं. वास खराच दारूचा असतो. एल प्रकारची बिअर आंबवणारं यीस्टही याच जातीचं, फक्त तिथं ते साधारण 18 ते 22 अंशांत सावकाश काम करतं. म्हणून उन्हाळ्यात यीस्ट निम्मं घ्या, पीठ माठातल्या पाण्यात मळा आणि घड्याळाऐवजी बोटावर विसंबा. पीठ दाबल्यावर खळगा हळूहळू, अर्धवट भरला की भट्टीला तयार. झटकन भरला तर अजून थांबा, भरलाच नाही तर उशीर झाला.

गूळ आपल्याकडचा म्हणून सढळ हातानं घालू नका. अर्धा किलो मैद्याला 50 ग्रॅमच्या वर गोड गेलं की यीस्ट मंदावतं. मीठ 10 ग्रॅम पुरे, तेही यीस्टवर थेट नको.

उघडलेलं पाकीट घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये. पावसाळ्यात तर ओला चमचा अजिबात नको.

आणि खपली गव्हाच्या पिठाचा ब्रेड मैद्यासारखा फुगणार नाही. त्याचं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, कमजोर असतं, यीस्टनं केलेला वायू धरून ठेवत नाही. खपली पाव हिस्सा, बाकी मैदा घ्या.