असंमेयता म्हणजे अतुलनीयता नव्हे : थॉमस कून वाचताना या चुका टाळा

सोलापुरात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांबरोबर विज्ञानाचे तत्त्वज्ञ थॉमस कून यांचे लेखन वाचताना एक चूक मला दरवर्षी आढळते. ‘असंमेयता’ (इन्कमेन्शुरेबिलिटी, म्हणजे समान माप नसणे) हा शब्द आला की वहीत ‘अतुलनीयता’ लिहिले जाते आणि दोन प्रतिमानांची, म्हणजे एखाद्या विज्ञानशाखेला दिशा देणाऱ्या विचारचौकटींची, तुलनाच होत नसेल तर विज्ञान ही ज्याची त्याची श्रद्धा ठरते, असा निष्कर्ष निघतो. कून आणि तत्त्वज्ञ पॉल फायराबेंड यांनी १९६२ मध्ये हा शब्द वापरला, तो मुळात गणितातला आहे. एक मीटर बाजूच्या चौरस कापडाचा कर्ण मोजा. तो सुमारे १.४१४ मीटर भरेल. बाजू आणि कर्ण या दोहोंत पूर्ण संख्येने बसेल असे माप, कितीही लहान घेतले तरी, सापडत नाही. तरीही कर्ण मोठा आहे हे दिसते आणि किती मोठा हे हव्या तितक्या दशांश स्थळांपर्यंत सांगता येते.

दुसरी चूक याच्या उलट आहे : असंमेयता म्हणजे केवळ एककांचा फरक, असे समजणे. चादरी विणणाऱ्या या शहरात वार आणि मीटर यांचे उदाहरण चटकन सुचते. परंतु १ वार म्हणजे ०.९१४४ मीटर, एवढ्यावर तो प्रश्न संपतो. असंमेयतेत मापाचा नव्हे, वर्गवारीचाच भेद असतो. पृथ्वी केंद्रस्थानी मानणाऱ्या टॉलेमीच्या व्यवस्थेत सूर्य आणि चंद्र ग्रह होते, पृथ्वी नव्हती. सूर्य केंद्रस्थानी मानणाऱ्या कोपर्निकसच्या १५४३ मधील ग्रंथानंतर पृथ्वी ग्रह ठरली आणि चंद्र तिच्याभोवती फिरणारा उरला. मराठी वाचकाला हे समजणे खरे तर सोपे जावे, कारण नवग्रहांतील रवी, चंद्र, राहू, केतू आणि भूगोलाच्या पुस्तकातील ग्रह यांना आपण एकच शब्द वापरतो, आणि कोणत्याही गुणकाने एका यादीची दुसरी होत नाही. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर अडते, मात्र जुनी भाषा शिकून घेता येते, हा भेद कून यांनी १९८३ मध्ये स्पष्ट केला. असंमेयता परस्परसंबद्ध अशा मोजक्याच संज्ञांपुरती असते, हेही तिथेच सांगितले.

‘मग दोन प्रतिमानांतून निवड कशाच्या आधारे?’ या प्रश्नावर अडखळू नये. अचूकता, सुसंगती, व्याप्ती, साधेपणा आणि फलदायित्व हे कून यांचे पाच निकष दोन्ही पक्षांना मान्य असतात; त्यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, यावर मतभेद होतात. कोपर्निकसची पद्धती केप्लरने तिच्यात आमूलाग्र बदल करेपर्यंत अचूकतेत टॉलेमीहून सरस नव्हती, म्हणून मधल्या दशकांत तिला विरोध करणाऱ्या खगोलज्ञाला अडाणी म्हणता येत नाही.