उंचीची भीती बाळगून डोंगरवाट कशी चालावी

कड्याच्या काठावर डोके गरगरते ते केवळ मन कच्चे असल्यामुळे नव्हे. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांकडून येणारे संकेत मिळून शरीराचा तोल राखतात. समोर खोल दरी असली की डोळ्यांना जवळची स्थिर वस्तू सापडत नाही, शरीराचे नेहमीचे सूक्ष्म हेलकावे त्यांना वेळीच टिपता येत नाहीत आणि आपण अधिकच डोलू लागतो. म्हणून पहिला उपाय नजरेचा: हातभर अंतरावरचा खडक पाहावा, त्याला हात टेकवावा आणि जागा असल्यास खाली बसावे.

वाट निवडताना केवळ अंतर व चढाई पाहू नये. स्विस अल्पाइन क्लब या गिर्यारोहण संस्थेच्या श्रेणीत वाटा टी १ (सर्वांत सोपी) ते टी ६ (सर्वांत अवघड) अशा काठिण्याच्या चढत्या क्रमाने मांडलेल्या आहेत. सुरुवात टी १ पासूनच करावी. माझ्या मते एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा जाणे नव्या वाटेपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

अवघड खडकाळ टप्प्यावर दोन हात व दोन पाय यांपैकी तीन आधार पक्के ठेवून चौथाच हलवावा, आणि उभ्या उतारावर खडकाकडे तोंड करून उतरावे. सोबत्यांनी ‘खाली बघू नकोस’ असे ओरडू नये (पाऊल ठेवायला खाली बघावेच लागते). पुढचा पाय नेमका कोठे टेकवायचा, ते शांतपणे सांगावे. परतण्याचा निर्णय मात्र अवघड टप्प्याआधीच घ्यावा, कारण चढताना जेमतेम जमलेली जागा उतरताना बहुधा अधिक कठीण जाते.