प्लेऑफच्या आधीचा वाद कसा घालावा

एफसी गोवा आणि मुंबई सिटी हे फुटबॉल संघ इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत 2025 पर्यंत तीनदा समोरासमोर आले: 2019, 2021 आणि 2024 साली. तिन्ही वेळा सामन्याच्या आदल्या आठवड्यात मडगावच्या चहाच्या टपरीपासून कोकणकन्या एक्स्प्रेसच्या डब्यापर्यंत जे वाद रंगले, त्यांतले बरेचसे नुसत्या नावांचे होते. आमचा हा खेळाडू भारी, तुमचा तो म्हातारा झाला, यापलीकडे ते जात नसत. असा वाद घालायला मजा येते, पण तो कधी संपत नाही आणि त्यात कोणी हरतही नाही. प्लेऑफच्या, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीच्या, सामन्याबद्दल नेमके काय बोलावे, कोणत्या क्रमाने बोलावे आणि कोणते मुद्दे सरळ सोडून द्यावेत, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः याच दोन संघांची घेतली आहेत, कारण अनेक मराठी घरांत एक भाऊ इकडचा आणि दुसरा तिकडचा असतो.

सर्वांत आधी सामन्याची रचना पक्की करून घ्यावी. 2022-23 च्या हंगामापासून लीगमधले पहिले सहा संघ पुढे जाऊ लागले. पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळे. तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी एकच सामना खेळे आणि तो वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होई. उपांत्य फेरी मात्र दोन लेगची, म्हणजे एक सामना इथे, एक तिथे आणि शेवटी दोन्हींतले गोल एकत्र मोजायचे. रचना बदलली की वादाचे मुद्देही बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमावली एकदा डोळ्यांखालून घालावी आणि कोणाच्या नावावर किती पिवळी कार्डे आहेत हेही त्याच वेळी पाहून ठेवावे. बाहेरच्या मैदानावरचा गोल बरोबरीत जड धरण्याची पद्धत युरोपच्या स्पर्धांनी 2021 मध्येच सोडली, तरी ते गणित मांडणारा एक काका प्रत्येक घोळक्यात भेटतोच. त्याला आधी शांतपणे थांबवावे.

दोन लेगची लढत असेल तर अंदाज दोन रात्रींचा मिळून द्यावा. ‘बुधवारी कोण जिंकेल’ हा प्रश्न अपुरा आहे. 2019 मध्ये गोव्याने अंधेरीत पहिला लेग 5-1 असा जिंकला आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियममधला दुसरा लेग मुंबईने 1-0 असा घेतला. त्या दुसऱ्या रात्री मुंबई जिंकेल असे ज्याने सांगितले होते तो बरोबर ठरला, पण अंतिम फेरीत गेला गोवा. तेव्हा वादाला बसताना प्रत्येकाने तीन गोष्टी सांगाव्यात: पहिल्या लेगचा निकाल, दुसऱ्या लेगचा निकाल आणि पहिल्या लेगनंतर कोणत्या संघाला आपला खेळ बदलावा लागेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना माणसाने सामना किती पाहिला आहे ते कळते.

त्यानंतर विश्रांतीचे दिवस मोजावेत. हा मुद्दा 24 एप्रिल 2024 च्या रात्रीवरून नीट समजतो. मुंबईचा लीगमधला शेवटचा सामना 15 एप्रिलला कोलकात्यात झाला होता आणि 47 गुणांसह दुसरी आल्यामुळे ती थेट उपांत्य फेरीत होती. गोवा 45 गुणांसह तिसरा, म्हणून त्याला 20 एप्रिलला चेन्नईयन संघाशी आणखी एक सामना खेळावा लागला आणि तो त्याने 2-1 असा जिंकला. चार दिवसांनी फातोर्ड्यात बोरिस सिंगने सोळाव्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिसने छप्पनाव्या मिनिटाला गोल केला. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा 2-0 ने पुढे होता. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ पार्किंगमधली गर्दी टाळायची म्हणून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले होते, हातात गाडीची किल्ली, नजर अजून मैदानावर. तेवढ्यात मुंबईच्या लालियनझुआला छांगतेचा गोल झाला, मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली आणि इंज्युरी टाइमच्या, म्हणजे वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईच्या, सहाव्या मिनिटाला छांगतेनेच तिसरा मारला. सामना 3-2 असा मुंबईचा झाला. ते गृहस्थ पुन्हा येऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि स्टेडियम रिकामे होईपर्यंत उठले नाहीत.

मुंबईला नऊ दिवस मिळाले होते आणि गोव्याला चार, हा फरक शेवटच्या दहा मिनिटांत पायांत उतरला असे मला वाटते. पण याचा नियम करू नये. पुढच्याच वर्षी गोवा दुसरा येऊन थेट उपांत्य फेरीत गेला, तर बेंगळुरूला 29 मार्चला मुंबईशी खेळावे लागले. बेंगळुरूने तो सामना 5-0 असा घेतला आणि चौथ्या दिवशी ताज्यातवान्या गोव्याला 2-0 असे हरवले. फातोर्ड्यातल्या दुसऱ्या लेगमध्ये गोव्याने दोन गोल फेडले आणि सामना अतिरिक्त वेळेकडे निघाला होता, तेव्हा बेंगळुरूच्या चाळिशी गाठलेल्या सुनील छेत्रीने इंज्युरी टाइमच्या दुसऱ्या मिनिटाला डोक्याने गोल करून तो संपवला. विश्रांती हा मुद्दा वजनदार आहे, पण एका उदाहरणावर तो जिंकल्याचा दावा कोणी करू लागला की दुसरे उदाहरण तयार ठेवावे.

खेळाडूंबद्दल बोलताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे संपूर्ण संध्याकाळ परदेशी खेळाडूंवर घालवणे. मैदानावर एका वेळी एका संघाचे जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू उतरू शकतात, म्हणजे उरलेले किमान सात भारतीय असतात, आणि वाद बहुधा त्या चौघांभोवतीच फिरत राहतो. वर सांगितलेल्या रात्रीचे पाचही गोल भारतीयांचे होते. म्हणून चर्चेची सुरुवात त्या सातांपासून करावी: कोणता बॅक, म्हणजे बचावपटू, उशिरा मागे येतो, गोलरक्षक कॉर्नरला पुढे येऊन चेंडू पकडतो की रेषेवर थांबतो, आणि सत्तराव्या मिनिटानंतर बाकावरून उतरवता येईल असा वेगवान पोरगा कोणाकडे आहे.

एका खेळाडूची बाजू मांडताना त्याच्यासमोर कोण असणार हेही त्याच वाक्यात सांगावे. ‘छांगते फॉर्मात आहे’ हे विधान निरुपयोगी आहे. ‘छांगते डाव्या पायाचा असून उजव्या बगलेवर खेळतो, त्यामुळे तो आत वळून मारतो, गोव्याच्या लेफ्ट बॅकने त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलले नाही आणि मधल्या फळीतून मदतीला कोणी आले नाही, तर तो दोनदा तरी गोलवर मारील’ असे म्हटले की समोरच्याला खोडायला काहीतरी मिळते. गोलांची संख्या सांगताना पेनल्टीचे गोल वेगळे काढावेत, आणि हंगामभराच्या बेरजेपेक्षा शेवटच्या सहा-सात सामन्यांत त्याने किती मिनिटे खेळली ते पाहावे, कारण दुखापतीतून परतलेला खेळाडू नावाने संघात असतो आणि साठाव्या मिनिटाला बाहेर बसतो.

निष्ठेचा मुद्दा मात्र वादातून काढूनच टाकावा. सर्जिओ लोबेरा 2017 ते 2020 गोव्याचे प्रशिक्षक होते, मग मुंबईला गेले, आणि गोव्याचा खेळाडू मंदार राव देसाईही त्याच वर्षी तिकडे गेला. 2024 चा तो दुसरा गोल मारणारा ब्रँडन त्याच वर्षी मुंबईचा झाला. उलट दिशेने बघायचे तर 2019 च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून 117 व्या मिनिटाला गोल करून गोव्याचे स्वप्न मोडणारा राहुल भेके हा मुंबईचाच मुलगा, आणि पाच वर्षांनी तो मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून चषक उचलत होता. ‘गद्दार’ हा शब्द ज्याच्या तोंडी आला त्याने पुढचा चहा द्यावा असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो नियम चांगला चालतो.

पेनल्टी शूटआऊटपर्यंत वाद पोहोचलाच तर ‘तो निव्वळ नशिबाचा खेळ’ असे म्हणून हात झटकू नयेत. 2021 च्या उपांत्य लढतीत 2-2 आणि 0-0 असे दोन सामने झाल्यावर दोन्ही प्रशिक्षकांनी अतिरिक्त वेळेच्या अगदी शेवटी आपापले गोलरक्षक बदलले. मुंबईने फुर्बा लाचेन्पाला उतरवले, गोव्याने नवीन कुमारला, आणि मुंबई 6-5 अशी जिंकली. म्हणजे कोणाच्या बाकावर पेनल्टी अडवणारा दुसरा गोलरक्षक आहे, हा प्रश्न सामन्याआधीच विचारण्याजोगा आहे. आणि लीगमध्ये पहिला आलेला संघ शूटआऊटमध्येही वरचढ राहतो असे मानणाऱ्याला 2023 आठवून द्यावे: लीग शील्ड, म्हणजे लीगमध्ये पहिले येण्याचा मान, जिंकून आलेली मुंबई बेंगळुरूकडून 9-8 अशी बाहेर पडली.

पंचांवर बोलायचे असेल तर आधी नियम वाचावा, एवढेच पुरे. मार्च 2023 मध्ये छेत्रीने केरळ ब्लास्टर्सच्या खेळाडूंची बचावाची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला, केरळचा संघ मैदान सोडून गेला आणि त्या क्लबला चार कोटी रुपये दंड झाला. झटपट फ्री किक घेण्याची मुभा नियमात आहे. त्या क्षणी पंचांनी थांबण्याची खूण केली होती का, इतकाच तो वाद होता.

शेवटी, बोललेले लिहून ठेवावे आणि ते सामना सुरू होण्याआधीच. लिहिताना अंदाजासोबत अट घालावी, म्हणजे नंतर ‘मी तर असेच म्हटले होते’ ही पळवाट राहत नाही. 29 एप्रिल 2024 च्या दुसऱ्या लेगआधी माझ्या वहीत मी लिहिले होते, ‘एका गोलाने मागे असल्यामुळे गोवा पहिल्या अर्ध्या तासात गोल करील.’ शेजारच्या रकान्यात माझ्या मुंबईकर मित्राने लिहिले, ‘मध्यंतराला 0-0 असेल तर गोवा पुढे धावेल आणि मागे मोकळी जागा सोडेल.’ मध्यंतराला 0-0 च होते. एकोणसत्तराव्या मिनिटाला होर्हे परेरा डियाझने आणि त्र्याऐंशीव्या मिनिटाला छांगतेने गोल केला. मित्राने ते पान माझ्याकडून फाडून मागून घेतले, आणि ते अजून त्याच्या पाकिटात आहे.