मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारापूर्वी: न्यूयॉर्क राज्यातील शालेय अंदाजपत्रकाच्या मतदानाची तयारी

न्यूयॉर्क राज्यातील बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे ठरावीक भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मतदारांपुढे ठेवतात आणि डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या सदस्यांची निवडही त्याच दिवशी होते. न्यूयॉर्क शहर, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्स येथील शाळांना स्वतः कर बसवण्याचा अधिकार नाही, त्यामुळे तेथे अंदाजपत्रकावर असे मतदान होत नाही. म्हणून आपले घर नेमक्या कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये येते, हे सर्वांत आधी पाहून घ्यावे; टपालाच्या पत्त्यातील गाव आणि डिस्ट्रिक्टची हद्द पुष्कळदा जुळत नाही. घरमालकांना हे शालेय कराच्या बिलावरून कळते. भाडेकरूंनाही मताचा तेवढाच अधिकार असल्याने त्यांनी डिस्ट्रिक्टच्या क्लार्ककडे (मतदानाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) चौकशी करावी.

मतदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो, त्याचे वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि मतदानाच्या दिवशी डिस्ट्रिक्टमध्ये राहून त्याला ३० दिवस झालेले असावे लागतात. मतदार म्हणून आधी नोंदणी लागते की नाही, हे काही डिस्ट्रिक्टमध्ये वेगळे असते, तेही क्लार्ककडूनच समजून घ्यावे. येथे आपल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी व्हिसावर राहणारे पालक घराचा शालेय कर भरतात, त्यांची मुले त्याच शाळेत शिकतात, तरीही त्यांनी मत देऊ नये. नागरिक नसताना केलेल्या मतदानामुळे या देशातील वास्तव्यच धोक्यात येऊ शकते. मात्र बोर्डाच्या सभा सर्वांना खुल्या असतात, अंदाजपत्रक कोणालाही मागता येते आणि बोर्डाला पत्र कोणीही लिहू शकते. हा मार्ग आपल्याकडे फार कमी वापरला जातो, याची खंत वाटते.

मतदानाच्या आधीच्या १४ दिवसांत अंदाजपत्रकाची प्रत उपलब्ध असावी लागते आणि मतदानाच्या ७ ते १४ दिवस आधी जाहीर सुनावणी होते. सुनावणीला जाण्यापूर्वी प्रत वाचलेली असावी. खर्च ‘कार्यक्रम’, ‘प्रशासन’ आणि ‘भांडवली’ अशा तीन भागांत दाखवलेला असतो. शिक्षकांचे पगार पहिल्या भागात येतात, तर इमारतींचा आणि कर्जफेडीचा खर्च तिसऱ्या भागात. बहुतेकांची नजर एकूण खर्चाच्या आकड्यावर जाते, पण आधी पाहावी ती लेव्ही, म्हणजे मालमत्ता करातून गोळा करायची एकूण रक्कम. राज्याची मदत वाढली असेल तर खर्च बराच वाढूनही लेव्ही थोडीच वाढते, आणि मदत आटली तर याच्या उलट घडते.

२०११ च्या कायद्याने या लेव्हीच्या वाढीवर मर्यादा घातली आहे. ती ‘दोन टक्क्यांची मर्यादा’ म्हणून ओळखली जाते, पण प्रत्यक्षात २ टक्के किंवा महागाईचा दर यांपैकी जो कमी असेल तो आधार धरून, डिस्ट्रिक्टमधील नवी बांधकामे, भांडवली खर्चाचा स्थानिक वाटा अशा बाबी हिशेबात घेऊन प्रत्येक डिस्ट्रिक्टची मर्यादा वेगळी निघते. त्यामुळे ३ टक्के वाढ दिसली म्हणजे मर्यादा ओलांडली, असे लगेच म्हणू नये. मर्यादेच्या आतील अंदाजपत्रक साध्या बहुमताने मंजूर होते. ती ओलांडणाऱ्या अंदाजपत्रकाला किमान ६० टक्के मते लागतात. आपले अंदाजपत्रक यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे ठाऊक असल्याशिवाय मतदानाला जाऊ नये.

राखीव निधीचे पानही वाचावे. कशासाठीही न राखलेली शिल्लक पुढील अंदाजपत्रकाच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ही शिल्लक एकदाच येणाऱ्या खर्चासाठी वापरली तर आक्षेप नाही. पण दरवर्षीचे पगार तिच्यातून भागवले जात असतील, तर पुढच्या वर्षी तूट कशी भरणार, हा प्रश्न सुनावणीत विचारलाच पाहिजे.

मतदानापूर्वी घरी टपालाने जी अधिकृत सूचना येते, ती जपून ठेवावी. अंदाजपत्रक फेटाळले गेल्यास लागू होणाऱ्या आपत्कालीन अंदाजपत्रकाचे आकडे तिच्यात शेजारीच दिलेले असतात. त्या स्थितीत लेव्ही मागील वर्षापेक्षा एका डॉलरनेही वाढवता येत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याने नेमके कोणते वर्ग, कोणत्या बस-फेऱ्या आणि कोणते खेळ कमी होतील, हे आधी विचारून घ्यावे आणि ‘हो’ म्हणणाऱ्यानेही तेच विचारावे. डिस्ट्रिक्टला सार्वजनिक पैशातून माहिती देता येते, पण मत अमुक बाजूने द्या असा प्रचार करता येत नाही. पालक संघटना किंवा शिक्षक संघटना यांची पत्रके वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. बसखरेदी किंवा इमारत दुरुस्तीचे ठराव मतपत्रिकेवर स्वतंत्र असतात, त्यांचा निर्णयही स्वतंत्रपणे करावा.

बोर्डाचे सदस्य विनावेतन काम करतात आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, त्यामुळे उमेदवाराची ओळख करून घेण्याचे काम मतदारावरच पडते. उमेदवारांच्या चर्चासभेत सामान्य आश्वासने ऐकण्यापेक्षा लेव्ही, विशेष शिक्षणाचा खर्च आणि राखीव निधी यांबद्दल त्यांचे मत विचारावे. विद्यमान सदस्य पुन्हा उभा असेल, तर सभांच्या इतिवृत्तांतून त्याने कशाला मत दिले ते पाहता येते. सर्व जागांसाठी उमेदवारांची एकच सामाईक यादी असेल तर जितक्या जागा तितक्या उमेदवारांना मत देता येते. उमेदवार क्रमांक दिलेल्या एकेका जागेसाठी उभे असतील तर प्रत्येक जागेसाठी एकच मत.

त्या दिवशी बाहेरगावी असणाऱ्यांनी टपाली मतपत्रिकेसाठी क्लार्ककडे वेळेत अर्ज करावा. मतपत्रिका घरी मागवायची असल्यास अर्ज किमान ७ दिवस आधी पोहोचावा लागतो आणि भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत क्लार्ककडे यावी लागते. मतदान केंद्र नोव्हेंबरच्या निवडणुकीचेच असेल असे गृहीत धरू नये.

अंदाजपत्रक फेटाळले गेले तरी निवडून आलेले सदस्य निवडून आलेलेच राहतात. बोर्ड तेच किंवा सुधारित अंदाजपत्रक जून महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी पुन्हा एकदा मतास टाकू शकते, किंवा थेट आपत्कालीन अंदाजपत्रक स्वीकारू शकते. दुसऱ्यांदा नकार मिळाल्यास मात्र आपत्कालीन अंदाजपत्रकाशिवाय पर्याय उरत नाही. नवे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असल्याने, उन्हाळ्यात भारतात जाण्याची तिकिटे काढताना जूनमधील ही तारीखही पाहून घ्यावी.